लोखंड्यांचे दफ्तर

संघटनांचा इतिहास वाचताना सभा आणि भाषणे लक्षात राहतात. सभा उठल्यावर इतिवृत्त कोणी लिहिले, वर्गणीचा हिशेब कोणी ठेवला, सरकारकडे जाणारा अर्ज कोणाच्या हातचा, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

व्यापाऱ्यांना या कामाचे मोल फार लवकर कळले होते. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ मध्ये स्थापन झाले. कलकत्त्याच्या बेंगाल चेंबरने तर पुढे आपली कचेरी आणि पगारी कर्मचारी चहा, ताग अशा वेगवेगळ्या धंद्यांच्या संघटनांसाठी राबवले. संघटना अनेक, दफ्तर एक. संघटनांचा कारभार पाहणाऱ्या आजच्या कंपन्यांचे हे जुने रूपच म्हणावे लागेल.

मुंबईच्या गिरणीमालकांची संघटना १८७५ ची. कामाच्या तासांवर सरकारी बंधने येण्याची चर्चा त्याच सुमारास सुरू झाली होती, हा योगायोग नव्हे.

कामगारांकडे काय होते? नारायण मेघाजी लोखंडे. पूर्वी रेल्वे व टपाल खात्यात आणि मग गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला हा सत्यशोधक १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधु’ चालवू लागला. नोंदी, पत्रव्यवहार, छपाई ही कामे त्यांच्या हाताखालची होती, आणि हेच कौशल्य कामगारांच्या कामी आले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात सभा झाल्या व सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गेला. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, जखमी कामगाराला भरपाई, अशा त्यातील मागण्या. अक्षरओळख नसलेल्या हजारो माणसांचे गाऱ्हाणे सरकारला नाकारता न येणाऱ्या कागदावर आणणे, हे भाषणापेक्षा अवघड काम होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने तिला आधार दिला.

पुढच्याच वर्षीच्या एका सरकारी अहवालाने मात्र लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन’ला खरी संघटना मानण्यास नकार दिला: सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, येईल त्या कामगाराला लोखंडे विनामूल्य सल्ला देतात, इतकेच. पुढे अनेक अभ्यासकांनी हाच शेरा उचलला. शेरा खोटा नाही, पण मोजपट्टी मालकांच्या कचेरीची आहे. ज्यांना बारा-चौदा तास राबूनही वर्गणी परवडत नव्हती, त्यांचे नोंदणीपुस्तक शोधण्यात काय हशील?

९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने लोखंडे गेले. पगारी सेक्रेटरी गेला तर दुसरा नेमता येतो. असोसिएशनच्या टेबलाशी दुसरे कोणी बसलेच नाही, आणि ती लवकरच विस्मरणात गेली.