मार्क्स, आजोबा आणि धोट्यातलं सूत

गेल्या दिवाळीत करामातल्या आमच्या घरी फराळाचे डबे भरता भरता लेकीनं विचारलं, "बाबा, कॉलेजच्या असाइनमेंटला मार्क्स आहे. आपल्या मराठी लोकांनी त्याचं काय केलं?" मी म्हटलं, "काय करणार? संप केले!" हसण्यावारी नेलं खरं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण माझे आजोबा लालबागच्या गिरणीत मागावर होते आणि १९२८ च्या संपात उतरले होते. मग वाचत बसलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

कार्ल मार्क्स (१८१८-१८८३) जर्मनीतल्या ट्रिअर गावचा. हिंदुस्थानात तो कधी आला नाही, पण १८५३ साली न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' वर्तमानपत्रात त्याने आपल्या देशावर लेख लिहिले. त्यात त्याचं एक भाकीत होतं. रेल्वे आली की मागोमाग कारखाने येतील, आणि पिढीजात धंद्यांवर उभी असलेली जातिव्यवस्था त्यामुळे मोडेल. गंमत बघा, त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली होती! पुढे गिरण्याही आल्या. कोकणातून, घाटावरून माणसं परळ-लालबागला आली. भाकीत तपासून पाहायला मुंबईइतकी चांगली जागा नव्हती.

निकाल काय लागला? मागावर कांडीतलं सूत संपलं की धोट्यात नवी कांडी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचं. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्याही हाती जाणार. एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. तिथे पगार जास्त. त्यांच्या वाट्याला कमी पगाराचं कताई खातं. यंत्रं विलायतेहून आली, विटाळ मात्र आपला घरचाच!

१९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. डांगे वगैरे मंडळींची लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विणकाम खात्याचा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. सगळे कामगार एक म्हणता, मग हे काय?

मला वाटतं, मराठी माणसाने मार्क्स स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला सुरुवात केली ती इथे. १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'वरच्या भाषणात बाबासाहेबांनी लिहिलं त्याचा सारांश असा, की जात कामं वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते. म्हणून आधी आर्थिक क्रांती आणि जात मग बघू, हे त्यांना मान्य नव्हतं. तरी १९३८ च्या ७ नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. पिळवणूक संपली पाहिजे हे दोघांचं सारखंच, पण रक्तपात आणि हुकूमशाहीचा मार्ग नको, असा त्यांचा कौल होता.

त्याच वर्षी गोव्यात जन्मलेल्या दा. ध. कोसंबींचं भारतीय इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक आलं. मूळचे गणिती. मार्क्सची पद्धत त्यांनी घेतली, पण भारताला इतिहासच नाही हे त्याचं मत साफ नाकारलं. धुळ्याचे शरद पाटील १९७८ मध्ये मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी मार्क्सच्या शेजारी फुले आणि आंबेडकरांना बसवलं. थोडक्यात, यांनी मार्क्सची पोथी केली नाही. त्याला प्रश्न विचारले.

आता आजोबा. संपाच्या गोष्टी ते रंगवून सांगायचे. सूत ओढून ओढून तोंडात कापूस जायचा, हेही सांगायचे. पण शेजारच्या मागावर कोणाला उभं राहू देत नव्हते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि मीही कधी विचारलं नाही.

हे सगळं लेकीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, मंडळात नवीन कुटुंब आलं की तुम्ही सगळे लगेच विचारता, आडनाव काय, मूळचे कुठले? कुठले, ते समजलं. पण आडनाव कशाला?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा.

शुभ दीपावली!