ब्रह्मदेशाचे भाकीत

आकड्यांच्या आधारे देशाचे भविष्य वर्तविण्याचा मोह सर्वत्रच दिसतो. त्याचे मोल ब्रह्मदेशाने कसे चुकविले, ते आम्ही येथे सांगू इच्छितो. महायुद्धापूर्वी हा देश वर्षाकाठी सुमारे ३० लाख टन तांदूळ परदेशी धाडीत असे. युद्धाने गिरण्या व शेते उद्ध्वस्त झाली. १९४८ साली स्वातंत्र्य आले, त्याच्या पाठोपाठ यादवीही आली. तरीही १९५२ च्या ऑगस्टमध्ये ऊ नू यांच्या सरकारने रंगून येथे परिषद भरवून 'प्यीडॉथा' योजनेचा संकल्प सोडला. १९५९-६० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्न युद्धपूर्व पातळीहून सुमारे एकतृतीयांशाने वाढेल, असा अमेरिकन सल्लागारांचा हिशेब होता.

बेरजा बिनचूक होत्या. गृहीत मात्र फसवे होते. कोरियातील युद्धाने चढलेला तांदळाचा भाव फारसा उतरणार नाही, असे धरलेले होते. १९५३ नंतर तो कोसळला, परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि योजना अर्ध्यावरच आखडती घ्यावी लागली. शेतकऱ्यास तर सरकारी मंडळाकडून ठरीव, अल्प भावच मिळे. तेजीचा नफा खजिन्यात गेला होता. १९६२ साली लष्कराने सत्ता घेतली. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांनी या देशास अत्यल्पविकसितांच्या यादीत घातले. वाढीचा अंदाज हाती येताच त्यात कोणता भाव कायम धरला आहे, हे आधी विचारावे, असे आम्हांस वाटते.