गाणं द्यावं ते नावासकट

आपल्याकडे चित्रपटसंगीताचा इतिहास लिहिला जातो तो बहुतेक गाजलेल्या गाण्यांचा. कोणत्या गाण्याने चित्रपट तारला, कोणत्या संगीतकाराची कोणाशी स्पर्धा होती, हे आपण पुन्हा पुन्हा वाचतो. परंतु १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला, त्यानंतरच्या अर्धशतकात जी हजारो गाणी निघाली, त्यांतली फार थोडी गाजली. बाकीची गाणी चित्रपट उतरला की दुकानाच्या फळीवरूनही उतरली. तरीही त्यांतली पुष्कळ आज ऐकायला मिळतात. ती कोणामुळे?

गेली तीसेक वर्षे मी या प्रश्नाच्या मागे आहे. संगीताचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही, इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. सांगलीत नोकरी करता करता जुन्या तबकड्या, गाण्यांच्या चोपड्या आणि श्रोत्यांची पत्रे यांतून जे हाती लागले, तेवढ्यावर माझे उत्तर उभे आहे. गाजलेली गाणी कंपन्यांनी पुन्हा पुन्हा बाजारात आणली, कारण ती खपत होती. न खपणारी गाणी टिकली ती, ज्यांना ती मनापासून आवडली पण एकट्याने ऐकवेनात, अशा माणसांमुळे. या माणसांनी गाण्याबरोबर आणखी एक गोष्ट एकमेकांच्या हवाली केली. गायक कोण, संगीतकार कोण, कवी कोण, चित्रपट कोणता, तबकडीचा क्रमांक काय, असा गाण्याचा सगळा पत्ता. या पत्त्याची कथा गाण्याइतकीच रंजक आहे.

नाव कोणी सांगायचे?

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी गाण्याचे नाव गाण्यातच असे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांवर गाणे संपताना कलावंत स्वतःचे नाव मोठ्याने सांगताना ऐकू येतात. यात मिरवण्याचा भाग थोडा. खरे कारण व्यवहारी होते. मेणावर घेतलेले मूळ मुद्रण जर्मनीत हानोव्हरला जाई आणि तबकड्या तिथे तयार होत. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी भाषा कळत नसत. कोणते गाणे कोणाचे हे ओळखून योग्य लेबल लावायचे, तर नाव ऐकू यायला हवे.

पुढे लेबल छापण्याची घडी बसली, बोललेले नाव गेले, आणि चित्रपटाच्या गाण्यांत तर छापलेले नावही पुष्कळदा मिळेनासे झाले. पार्श्वगायनाच्या सुरुवातीच्या काळात तबकडीवर कित्येकदा गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचे नाव असे. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९४९ चा ‘महल’. खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातल्या नायिकेचे नाव. गळा लता मंगेशकरांचा. गाणे लागले की श्रोते रेडिओ केंद्राला पत्रे लिहून विचारत, ही कामिनी कोण? शेवटी केंद्राला कंपनीकडून खरे नाव मागवून सांगावे लागले. श्रोत्यांच्या पत्रांनी गाण्याचा पत्ता शोधून काढल्याचे हे एक ठळक उदाहरण.

नाव झाकण्याचा दुसरा प्रसंग सरकारी होता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती आणि चित्रपटगीते त्यांना हलकी वाटत. आकाशवाणीने चित्रपटगीतांचा वेळ कमी केला, गाणी निवडून घ्यायला सुरुवात केली आणि चित्रपटाचे नाव सांगणे बंद केले, कारण ती फुकटची जाहिरात ठरते. निर्मात्यांनी उलट आपल्या गाण्यांचा परवाना काढून घेतला. थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. हे धोरण मवाळ होऊन ‘विविध भारती’ सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावे लागले. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी केलेले काम मोठे आहे, ते विसरू नये. पण एका निर्णयाचा परिणाम त्यांच्या अपेक्षेच्या अगदी उलट झाला. श्रोत्यांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे फिरवला.

कोलंबो आणि झुमरी तिलैया

रेडिओ सिलोन हे मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी उभारलेल्या शक्तिशाली प्रक्षेपकाचे वारस. १९५२ च्या डिसेंबरात त्यावर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि तिने लोकप्रियतेचे मोजमाप घराघरांत नेले. माझ्या विषयाच्या दृष्टीने मात्र सकाळी साडेसातचा जुन्या चित्रपटगीतांचा अर्धा तास अधिक मोलाचा. त्यात विस्मृतीत गेलेल्या चित्रपटांची गाणी लागत, आठ वाजण्याआधीचे शेवटचे गाणे कुंदनलाल सैगलांचे असे, आणि प्रत्येक गाण्याआधी चित्रपट, गायक, कवी, संगीतकार यांची नावे नीट सांगितली जात. लघुलहरींवर आवाज मध्येच बुडे, पुन्हा वर येई. माझ्या ओळखीच्या जुन्या श्रोत्यांच्या वह्यांमध्ये नावाचा अर्धाच भाग लिहिलेला आढळतो. उरलेला भाग पुढे केव्हातरी वेगळ्या शाईने भरलेला. म्हणजे तेच गाणे पुन्हा लागेपर्यंत माणसे थांबली होती, नाहीतर कोणा मित्राला विचारून आली होती.

फर्माईश हा या देवाणघेवाणीचा जाहीर प्रकार. एका पोस्टकार्डावर आपले नाव, मग दोस्तांची, घरच्यांची नावे आणि एक गाणे. निवेदक ती सगळी यादी वाचून दाखवी. आपल्या आवडीचे गाणे मित्रांच्या नावाने अवघ्या उपखंडाला ऐकवण्याची ती सोय होती. या बाबतीत झुमरी तिलैया या गावाने इतकी पत्रे पाठवली की असे गाव खरोखर आहे का, अशी शंका लोक घेऊ लागले. ते खरोखर आहे. तेव्हा बिहारात होते, आता झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात आहे.

या गावाचा आणि ग्रामोफोनचा आणखी एक धागा मला फार आवडतो. हा सगळा परिसर छोटा नागपूर पठाराचा. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी लाख तयार करतात, तिचा या पठारावरून फार मोठा पुरवठा होत असे; आणि ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची. चावीच्या जुन्या ग्रामोफोनच्या साउंडबॉक्समध्ये जो पातळ पडदा थरथरून आवाज काढी, तो अभ्रकाचा असे; आणि कोडरमा तर अभ्रकाच्या खाणींसाठीच जगभर प्रसिद्ध. तबकडीची लाख आणि पडद्याचे अभ्रक देणाऱ्या मुलखानेच पुढे सर्वांत हौसेने गाणी मागितली, हा निव्वळ योगायोग असला तरी मोठा गोड आहे.

चार दत्ता

नावांची काळजी का करायची, असे मला कोणी विचारले की मी चार दत्तांची गोष्ट सांगतो. हिंदी चित्रपटसंगीतात आपली मराठी-कोकणी मंडळी एवढी होती की एकट्या ‘दत्ता’ नावाचे चार जण निघतात. के. दत्ता म्हणजे दत्ता कोरगावकर. मास्टर विनायकांच्या ‘बडी माँ’चे (१९४५) संगीत त्यांचे. दत्ता डावजेकरांनी ‘आपकी सेवा में’ (१९४७) या चित्रपटात लताबाईंना हिंदीतले पहिले पार्श्वगीत दिले. एन. दत्ता म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक, ‘साधना’ (१९५८) आणि ‘धूल का फूल’चे (१९५९) संगीतकार. आणि दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशन यांचे सहायक, ज्यांनी ‘परवरिश’ला (१९५८) स्वतंत्रपणे संगीत दिले. गाणे नुसते ‘दत्ता’ म्हणून हाती आले तर चौघांपैकी तिघांवर अन्याय ठरलेला. त्यांची गाजलेली गाणी स्वतःला सांभाळतील. कमी ऐकलेल्या गाण्यांना मात्र कोणीतरी योग्य घरी पोचवावे लागते.

हे पोचवण्याचे सर्वांत मोठे काम कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी केले. त्यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोशा’चा १९५१ ते ६० या दशकाचा खंड १९८० मध्ये आधी निघाला आणि १९३१ ते ४० चा पहिला खंड पुढे १९८८ मध्ये आला. चित्रपटगणिक गाणी, गायक, कवी, तबकडीचे क्रमांक अशी ही मांडणी. त्यामागे कुठली संस्था, अनुदान नव्हते. ‘लिस्नर्स बुलेटिन’ या छोट्या पत्रिकेभोवती जमलेले श्रोते आणि संग्राहक आपापल्या गावाहून पत्राने माहिती कळवत. चित्रपटगृहात आण्या-दोन आण्यांना विकली जाणारी गाण्यांची चोपडी अशा कामात शिलालेखाइतकी मोलाची ठरते. कोशात आजही अनेक गाण्यांपुढे गायकाचे नाव नाही. अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा ती मोकळी जागा मला अधिक प्रामाणिक वाटते. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली, तिनेही हीच रीत पुढे नेली. सभासदांनी एकत्र बसून तबकड्या ऐकायच्या आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’मध्ये त्यांची माहिती छापायची.

दोन कपाटे

आता सांगलीकडे येतो. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि मित्राला गाणे ऐकवण्यासाठी त्याला घरी बोलावण्याची गरज उरली नाही. गाणे त्याच्या घरी पाठवता येऊ लागले. आमच्याकडे निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांच्याकडे शेकडो तबकड्या. त्यांतही गाजलेल्या कमीच, कारण जुन्या बाजारात त्यांना ‘कोणी न घेतलेल्या’ तबकड्या स्वस्त मिळत. ते साठ मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ गाणी भरून देत. दोन अटी असत. कॅसेटबरोबर दिलेला कागद, ज्यावर प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता आणि तबकडीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असे, तो आपल्या हाताने वहीत उतरवून घ्यायचा. आणि कॅसेट निदान एका माणसाला पुढे द्यायची. “गाणं द्यावं ते नावासकट. नुसतं गाणं देणं म्हणजे पोर जत्रेत सोडून येण्यासारखं आहे,” असे ते म्हणत.

त्याच काळात गावात आणखी एक संग्राहक होते. त्यांचा संग्रह गुरुजींहून मोठा आणि निगा उत्तम. पण ते कोणाला तबकडीची नक्कल करू देत नसत. दुसऱ्याकडे नसलेली वस्तू आपल्याकडे असण्यात त्यांना आनंद होता. तो आनंद मी समजू शकतो. शोधाशोध, पैसा, उन्हातान्हात हिंडणे यांची ती किंमत असते. त्यांच्या पश्चात घर विकले गेले. ग्रामोफोन शोभेची वस्तू म्हणून लगेच खपला. तबकड्यांना भंगारात भाव नसतो. त्या कुठे गेल्या ते आम्हाला शोधूनही कळले नाही. त्यांच्याकडे काय काय होते याची यादीसुद्धा कोणाजवळ नाही.

गुरुजींच्या तबकड्याही वाचल्या नाहीत, असेच आधी वाटले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा त्यांचे घर अनेक दिवस पाण्यात होते. गुरुजी त्याआधीच गेले होते. पाणी ओसरल्यावर आम्ही चौघे-पाच जण गेलो. कपाट आडवे झाले होते, कागदी पाकिटांचा लगदा झाला होता, कित्येक तबकड्या फुटल्या होत्या. ज्या शाबूत होत्या त्यांची लेबले सुटून गेली होती. धुऊन वाळवल्यावर समोर काळ्या, निनावी चकत्यांची रास उरली.

पण मॅट्रिक्स क्रमांक छापलेला नसतो, उठवलेला असतो. पाण्याने तो जात नाही. भिंगातून एकेक क्रमांक वाचायचा आणि कोणाच्या तरी वहीत शोधायचा, असे काम आम्ही जवळपास वर्षभर केले. माझी वही होती, मिरजेच्या मित्राची होती, इस्लामपूरला एका बाईंनी वडिलांची वही जपून ठेवली होती. क्रमांक जुळत गेले. फुटलेल्या तबकड्यांची गाणीही गेली नाहीत, कारण त्यांच्या कॅसेट निरनिराळ्या घरांत होत्या. काही आमच्यापैकी कोणीही न पाहिलेल्या माणसांकडे निघाल्या. दुसऱ्या अटीचा तो परिणाम. एखाद्या अभिलेखागाराला शोभेल असे हे काम गुरुजींनी साध्या दोन अटींत करून ठेवले होते.

आज

आज गाणे देणे विनासायास झाले आहे. बोट टेकवले की शंभर जणांना जाते. यातून अनेक दुर्मिळ गाणी पुन्हा वर आली, त्याचे मला मनापासून कौतुक आहे. मात्र फोनवर येणारे गाणे पुष्कळदा पुन्हा १९४९ च्या ‘कामिनी’च्या अवस्थेत येते. वर भलत्याच चित्रपटाचे चित्र, गायकाचे चुकीचे नाव, नाहीतर नुसते ‘दुर्मिळ गीत’. हीच चुकीची माहिती हजार ठिकाणी उमटते आणि मग तीच खरी वाटू लागते. गाणे हरवण्याची ही नवी तऱ्हा आहे. आवाज कानावर पडतो, माणूस हरवलेला असतो.

म्हणून वाचकांना दोनच विनंत्या. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुन्या तबकड्या सापडल्या, तर देण्या-टाकण्यापूर्वी लेबलाचे आणि त्याच्या कडेला कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवा. आणि एखादे कमी ऐकलेले आवडते गाणे मित्राला पाठवाल तेव्हा खाली चार नावे लिहा. ठाऊक नसतील तर ‘गायक माहीत नाही’ असे लिहा. कोणाला तरी ते माहीत असते, आणि तो आवर्जून कळवतो. गेली तीस वर्षे मला कळवत आला आहे.