सत्त्याऐंशी वर्षं लॉगिन न केलेलं अकाउंट

कुंडलचा आणि उत्तर ध्रुवाचा काय संबंध? एका शब्दात सांगायचं तर पाऊस. आमच्याकडे ऊस आणि द्राक्षं. पाऊस सप्टेंबरच्या पुढे किती रेंगाळतो, यावर छाटणीचं सगळं गणित. आणि आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरचं उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये कोसळणारा पाऊस यांचं नातं असू शकतं, असं गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली मांडलंय. तेव्हा मंडळी, आज थोडा इतिहास.

९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला. बेटं नॉर्वेची, पण सही करणाऱ्या देशांच्या लोकांना मासेमारी, खाणकाम, व्यापार यांत समान हक्क. त्यात ब्रिटनने हिंदुस्थानच्या वतीनेही सही केली होती. म्हणजे अ‍ॅक्सेस १९२० पासून होता आणि आपली पहिली संशोधक तुकडी तिथे गेली ऑगस्ट २००७ मध्ये! ८७ वर्षं लॉगिनच केलं नाही म्हणा ना.

मग शास्त्रज्ञ नव्हते का? होते की. हवामान खातं १८७५ चं. अंटार्क्टिकाची पहिली मोहीम १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. पण हवामान एका मंत्रालयात, समुद्र दुसऱ्यात. २००६ मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालय झालं आणि हवामान खातं, पुण्याची आयआयटीएम, चेन्नईची एनआयओटी आणि गोव्याचं केंद्र एका छपराखाली आले. पुढच्याच वर्षी पहिली तुकडी गेली आणि १ जुलै २००८ ला न्यू-ऑलसुंद इथे 'हिमाद्री' स्थानक सुरू झालं. २००७-०८ हे आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष होतं, त्याचाही हातभार लागला असणार. पण माझ्या मते खरा फरक पडला तो कामाला एक मालक मिळाल्यामुळे.

याचा उत्तम नमुना म्हणजे 'इंडआर्क'. जुलै २०१४ मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्डच्या पाण्यात १९२ मीटर खोलीवर ही निरीक्षण यंत्रणा सोडली. बांधणी चेन्नईची, विज्ञान गोव्याचं, सोबतीला हैदराबादची इन्कॉइस आणि नॉर्वेची ध्रुवीय संस्था. आपल्या धंद्यात दोन टीमचं इंटिग्रेशन करताना घाम फुटतो, इथे तर बर्फाच्या पाण्यात!

न्यू-ऑलसुंदची मजा अशी की तिथल्या रेडिओ दुर्बिणीला त्रास नको म्हणून वर्षानुवर्षं वायफाय आणि ब्लूटूथला बंदी राहिली. एकाचं मोजमाप नीट व्हावं म्हणून बाकी सगळ्यांनी आपली सोय सोडायची. समन्वय म्हणजे नुसत्या मीटिंगा नव्हेत, तो हा.

अमेरिकेने १९८४ मध्ये कायदाच करून आपल्या सरकारी खात्यांची आर्क्टिक समिती नेमली. आपलं आर्क्टिक धोरण मार्च २०२२ चं. त्यातही अनेक मंत्रालयांचा एक अधिकारप्राप्त गट आहे. चांगलंच आहे. पण गट किती वेळा बसला हा काही निकष नव्हे. फ्योर्डमधला आकडा पुण्याच्या मॉडेलमध्ये उतरला का आणि तिथून छाटणीची तारीख ठरवणाऱ्या बागायतदारापर्यंत वेळेत पोचला का, एवढं बघावं. बर्फ कुणाच्या फायलीसाठी थांबत नाही आणि सप्टेंबरचा पाऊसही नाही.