सिंहगडावर जे शिकता येत नाही

थ्रेड : पुण्याहून पहिल्यांदाच हिमालयात ट्रेकला निघणाऱ्याने कोणती तयारी करावी, हा प्रश्न दर उन्हाळ्याच्या तोंडाशी विचारला जातो. त्याचे उत्तर बूट, जाकीट आणि व्यायाम यांच्याआधी इतिहासात शोधावे लागते, कारण ते फार मोठी किंमत मोजून मिळालेले आहे.

१९५८ साली मुंबईच्या केकी बुनशाह यांच्या नेतृत्वाखाली भारतीयांची चो ओयू मोहीम नेपाळात गेली. शिखराची उंची ८,२०० मीटरच्या आसपास. मोहीम यशस्वी झाली आणि सोनम ग्यात्सो व पासांग दावा लामा माथ्यावर पोहोचले. परंतु त्याआधीच मोहिमेने आपला सर्वांत जाणता गडी गमावला होता. मेजर नरेंद्र धर जयाल हे त्यांचे नाव.

जयाल नवखे नव्हते. तेनसिंग आणि हिलरी यांच्या एव्हरेस्ट विजयानंतर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तिचे ते पहिले प्राचार्य. १९५५ मध्ये कामेत शिखरावरील यशस्वी मोहिमेचे ते नेते होते. देशातील इतरांना पर्वतारोहण शिकवण्याचा अधिकार ज्यांना निःसंशय होता, अशा मोजक्या लोकांपैकी ते एक.

चो ओयूच्या मोहिमेत ते उशिरा सामील झाले. पुढे गेलेल्या चमूला गाठण्यासाठी त्यांनी मोठमोठे टप्पे घेत घाईने चढाई केली. वर पोहोचल्यावर त्यांची फुप्फुसे पाण्याने भरली आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

ज्या आजाराने ते गेले, तो त्या वेळी जगभरच्या बहुतेक डॉक्टरांना ठाऊक नव्हता. उंचावर धडधाकट माणूस खोकू लागला, धापा टाकू लागला आणि दगावला, की ‘न्यूमोनिया’ असे लिहिले जाई. १९६० मध्ये चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकी डॉक्टर-गिर्यारोहकाने एका निरोगी तरुण स्कीपटूची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि हा न्यूमोनिया नसून केवळ उंचीमुळे फुप्फुसांत साठणारे पाणी आहे, हे डॉक्टरांच्या ध्यानी आले. जयाल यांच्या मृत्यूला तेव्हा दोन वर्षे झाली होती.

येथे इतिहासाने केलेली एक थट्टा नोंदवायला हवी. हेच वर्णन १९१३ मध्ये छापून आलेले होते! टी. एच. रेव्हनहिल हा डॉक्टर दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातील खाणींवर काम करी. रेल्वेने झटपट वर येणाऱ्या माणसांना होणाऱ्या आजाराचे त्याने तीन प्रकार सांगितले : एक साधा, दुसरा हृदयाशी निगडित भासणारा (आजच्या भाषेत फुप्फुसांत पाणी होण्याचा) आणि तिसरा मेंदूला ग्रासणारा. हे वर्गीकरण आजही जवळजवळ तसेच टिकून आहे. मात्र त्याचा लेख कित्येक दशके कोणी वाचलाच नाही. अँडीजमधील लोक या आजाराला म्हणत ‘पुना’. इंग्रजी अमदानीतल्या आपल्या ‘पूना’शी या शब्दाचा काही संबंध नाही, पण पुणेकराला तो विसरता येणार नाही एवढे खरे.

मग रेव्हनहिल आणि ह्यूस्टन यांच्या आधी जे हजारो मराठी लोक बदरी-केदारला जाऊन आले, त्यांचे काय? केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून उंच. तरीही जुन्या यात्रेकरूंची मोठी भीती पटकी, थंडी, कोसळती दरड आणि म्हातारपण यांची असे, विरळ हवेची नव्हे.

याचे कारण त्यांच्या पायांत होते. यात्रा हरिद्वार-हृषीकेशपासून पायी सुरू होई. रोज एका चट्टीहून पुढच्या चट्टीपर्यंत चालायचे, रात्री तेथेच मुक्काम करायचा. केदारच्या थंडीत पोहोचेपर्यंत दिवसांमागून दिवस गेलेले असत आणि त्या दिवसांत शरीर आपले काम मुकाट्याने उरकून घेई. साताऱ्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले काकासाहेब कालेलकर १९१२ मध्ये हिमालयात निघाले तेही असेच पायी. त्या भ्रमंतीवरचे त्यांचे पुस्तक गुजरातीत लिहिले गेले आणि पुढे मराठी वाचकांपर्यंतही आले. १९२०च्या दशकातील इंग्रजांच्या एव्हरेस्ट मोहिमासुद्धा दार्जिलिंगहून तिबेटातून आठवडेच्या आठवडे चालत तळावर पोहोचत.

म्हणजे संथपणा ही कोणाची युक्ती नव्हती, ती त्या काळाची लाचारी होती. तिने किती जीव वाचवले, हे ती संपल्यावरच कळले.

शरीराचे ‘काम’ म्हणजे नेमके काय, हे येथेच पाहू. उंचावर हवेतला प्राणवायूचा वाटा कमी होत नाही. तो पुण्यात जितका, तितकाच एव्हरेस्टवर असतो : सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो, तर एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एकतृतीयांश. श्वास तेवढाच घेतला तरी पदरात पडणारा प्राणवायू कमी.

त्यावर शरीर पहिला उपाय करते तो श्वास वाढवण्याचा. पण जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला आवर घालू पाहतो. ही ओढाताण मूत्रपिंडे सोडवतात. जादा अल्क ती लघवीवाटे टाकतात आणि मग श्वास मोकळेपणी वाढू शकतो. या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. ट्रेकर मंडळी ज्याला ‘ॲक्लमटायझेशन’ म्हणतात, ते हेच. मूत्रपिंडांना दंड-बैठका काढायला लावून हे काम लवकर उरकत नाही.

या धड्याची सर्वांत मोठी किंमत भारतीय सैन्याने दिली. १९६२ च्या चीन युद्धात मैदानी प्रदेशातले जवान तातडीने अतिउंच ठाण्यांवर पाठवले गेले. पुरेसे गरम कपडे नव्हते, हे सर्वांना माहीत आहे. पुरेसे दिवसही नव्हते, हे त्या मानाने कमी बोलले जाते. निवडलेले, कसलेले तरुण गोळी न लागता आजारी पडले आणि त्यांतले काही दगावले.

लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जवानांचा जो अभ्यास केला, तो आजही जगभर उद्धृत होतो. १९६५ मध्ये त्यांनी फुप्फुसांतील पाण्याविषयी लिहिले. १९६९ च्या लेखात तर उंचीच्या आजाराच्या तब्बल १,९२५ रुग्णांचा अनुभव मांडला. एवढ्या मोठ्या संख्येने हा आजार तोवर कोणी पाहिलेलाच नव्हता. दुर्दैवाने पाहायला मिळाला तो भारतीय डॉक्टरांना.

त्यातूनच पुढे लष्कराचा अनुकूलनाचा क्रम पक्का झाला. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, त्यानंतर १५,००० फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, मग थोडे चालणे, मग थोडा चढ. जवान कितीही तंदुरुस्त असला तरी त्याला यातून सवलत नाही.

लष्कराला जे युद्धाने शिकवले, ते हौशी ट्रेकरला नेपाळातील एका धावपट्टीने शिकवले. १९६४ मध्ये एडमंड हिलरी यांनी शेर्पांच्या मुलखात शाळा-रुग्णालयाचे सामान नेता यावे म्हणून लुकला येथे विमाने उतरण्याची सोय केली. हेतू अत्यंत चांगला. पण त्यामुळे काठमांडूहून कित्येक दिवसांची पायपीट टाळून थेट २,८०० मीटरवर उतरणे शक्य झाले. पीटर हॅकेट व सहकाऱ्यांनी त्या वाटेवरील फेरिचे या ४,२४३ मीटरवरील गावात २७८ ट्रेकर तपासले. १९७६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के लोकांना उंचीचा त्रास झालेला. विमानाने आलेले, भरभर चढलेले आणि वाटेत कमी रात्री काढलेले यांच्यात तो जास्त.

याच अभ्यासात एक निष्कर्ष असा होता, की तो प्रत्येक नवख्याने दोनदा वाचावा. तरुणांमध्ये हा त्रास अधिक आढळला. पाठीवरच्या ओझ्याशी त्याचा संबंध नव्हता. पूर्वी उंचावर जाऊन आल्याचाही फायदा दिसला नाही. फरक पडत होता तो चढण्याच्या वेगाने आणि वाटेत काढलेल्या रात्रींनी.

आता पुण्याकडे येऊ. या शहराला डोंगरांचे वरदान आहे, यात शंका नाही. वेताळ टेकडी आणि पर्वती दाराशी, सिंहगड तासाभरावर. आतकरवाडीहून सिंहगडाची चढण सहाशे मीटरच्या आसपास भरते. हिमालयातील एखाद्या ट्रेकच्या दिवसाचा चढ याहून फार मोठा नसतो. आठवड्यातून दोनदा पाठीवर वजन घेऊन गड करणारा, महिन्यातून एकदा कात्रज ते सिंहगड ही डोंगरधार पुरी करणारा माणूस पायांच्या बाबतीत हिमालयात कमी पडत नाही. उताराला गुडघे साथ देतात की नाही, नवा बूट कोठे चावतो, रात्री विजेरीच्या उजेडात पाऊल कसे टाकायचे, हे सारे येथेच कळते आणि येथेच कळलेले बरे.

परंतु सिंहगडाचा माथा अवघा १,३१२ मीटरवर आहे. उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. सह्याद्री कितीही अवघड असला तरी तो त्या रेषेला शिवतही नाही. पुण्यात राहून पाय, छाती आणि जिद्द घडवता येते, रक्त घडवता येत नाही. उलट कसलेल्या पायांचा एक धोका आहे : ते माणसाला वेगाने वर नेतात, आणि घात वेगच करतो.

पुण्याच्या थोर गिर्यारोहकांना हे उमगलेले होते. हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ च्या मे महिन्यात तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले आणि तो मान मिळवणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. १९८२ पासून पुण्यात काम करणाऱ्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली आठ जणांना एव्हरेस्टच्या माथ्यावर नेले आणि २०१९ मध्ये कांचनजुंगावर दहा जणांना. यांची मुळे सह्याद्रीच्या कातळात, हे सर्वजण अभिमानाने सांगतात. मात्र वृत्तपत्रांतील छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट अशी, की अशा मोहिमेचा बहुतेक काळ शिखरावर जाण्यात जात नाही. तो वर चढून पुन्हा खाली झोपायला येण्यात, तळावर थांबण्यात, तीच वाट पुनःपुन्हा तुडवण्यात जातो. शरीराला दिलेले हे हप्ते असतात.

दार्जिलिंग किंवा उत्तरकाशीच्या संस्थेतील साधारण महिनाभराचा बेसिक कोर्सही याच तत्त्वावर बेतलेला आहे. दोर, गाठी, बर्फातली कुऱ्हाड हे सर्व तेथे शिकवतातच, पण विद्यार्थ्याला वर नेतात ते टप्प्याटप्प्याने. जयाल यांच्यासारख्यांनी घातलेल्या पायावर ही परंपरा उभी आहे.

नवख्याच्या हिशेबात याचा अर्थ असा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. सकाळचे विमान धरले की जुन्या यात्रेकरूंचे कित्येक दिवसांचे अंतर काही तासांत उरकते. आजचा वैद्यकीय सल्ला सांगतो, की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तेथेच थांबावे. ट्रेक निवडताना म्हणूनच छायाचित्रांआधी मुक्कामांच्या उंचीचे आकडे मागून घ्यावेत. ते या मापात बसत नसतील, तर तो कार्यक्रम कितीही स्वस्त असला तरी सोडावा. सर्व दिवस काटेकोर भरलेला, एकही राखीव दिवस नसलेला बेतही तसाच. मूत्रपिंडांच्या कामाला गती देणारे औषध आहे, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, आणि त्याने घाई माफ होत नाही.

डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली सूचना. ती मिळाली की वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागणे, खोकला न थांबणे, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालताना झोक जाणे ही शेवटची सूचना. मग सकाळची वाट न पाहता, सोबत माणूस देऊन खाली उतरवावे लागते. काही शे मीटर उतरल्यावरही माणूस सावरतो, हे अनेकदा दिसून आले आहे. हा त्रास लपवण्याची ओढ मात्र तंदुरुस्त माणसालाच जास्त असते, कारण आपल्याला असे होऊ शकते हेच त्याला पटत नाही.

आणि मागच्या वर्षी एक ट्रेक निभावला म्हणून यंदा घाई चालेल, असेही नाही. लष्करात महिनाभराहून अधिक रजा घालवून मैदानातून परतलेल्या जवानाला पुन्हा पहिल्या दिवसापासून सारा क्रम पुरा करावा लागतो, मग त्याने त्याच ठाण्यावर अख्खा हिवाळा काढलेला असला तरी.