तव्यावरचा हरभरा

सातारा-सांगलीकडच्या घरांत बेसनाचं धिरडं सहसा ठरवून होत नाही. भाजी संपली, पाहुणा अवचित आला, शाळेतून आलेलं पोर भूक भूक करायला लागलं, की डाळीचं पीठ कालवलं जातं. लग्नाच्या पंगतीत त्याला मान नाही, हॉटेलच्या पाटीवरही ते क्वचितच दिसतं. त्याच पिठाच्या झुणक्याला १९९५ साली राजमान्यता मिळाली, एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं राज्यभर निघाली. धिरडं मात्र स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून फारसं बाहेर पडलं नाही. म्हणूनच त्याचा इतिहास लिहायचं कुणाच्या मनात आलं नसावं. तो शोधायचा तर कराडपासून सुरुवात करावी.

कराड म्हणजे जुनं करहाटक. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख आहे. अकराव्या शतकात हा मुलूख शिलाहारांकडे होता आणि इथली राजकन्या चंद्रलेखा कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याला दिली होती. तिच्या स्वयंवराचं वर्णन बिल्हण कवीने ‘विक्रमांकदेवचरिता’त मोठ्या हौसेने केलं आहे. या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर ११२६च्या सुमारास गादीवर आला. त्याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून हत्तींपर्यंत सगळं त्यात आहे, आणि ‘अन्नभोग’ या प्रकरणात राजाच्या ताटातले पदार्थही आहेत. गजानन श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापला गेला.

त्यात ‘धोसक’ म्हणून एक पदार्थ येतो. हरभऱ्याची डाळ आधीच्या पाककृतीप्रमाणे मसाला घालून तयार करायची आणि तापलेल्या, तेल लावलेल्या तव्यावर तिचे धोसक भाजायचे. उडीद, चवळी आणि वाटाण्याचेही असेच करावेत, असं राजा पुढे सांगतो. तांदळाचं इथे नावही नाही. या धोसकाचा वारस म्हणून सगळे उडपी हॉटेलातल्या डोशाकडे बोट दाखवतात. पण निव्वळ डाळ, मसाला आणि तेल लावलेला तवा एवढंच पाहिलं, तर आपलं धिरडं त्याच्या जास्त जवळचं आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी राजाने आवडीने लिहिलेला पदार्थ आज घाईच्या वेळचा म्हणून गणला जातो, हे मनाला लागतं.

राजाच्या त्या तव्यावर मिरची मात्र नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिकेतून आली. तोवर तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा. टोमॅटो तर आपल्या स्वयंपाकात त्याच्याही बऱ्याच नंतर रुळला.

पीठ आलं म्हणजे जातं आलं. नेवाशाच्या उत्खननात ह. धी. सांकलियांना सातवाहनकाळच्या थरांत फिरती जाती सापडली. त्याआधी धान्य दगडी पाट्यावर रगडलं जायचं. जात्याने काम हलकं झालं, पण डाळीचं पीठ कधीच सोपं नव्हतं. माघ-फाल्गुनात हरभरा घरी आला की तो झोडायचा, तेलपाणी लावून उन्हात वाळवायचा, जात्यावर भरडायचा, सुपात पाखडून टरफलं काढायची आणि मग पुन्हा दळायला बसायचं. ऐन वेळी दोन मिनिटांत कालवलेल्या पिठामागे बाईचे असे कित्येक दिवस गेलेले असत. पुढे तेलाच्या इंजिनावरच्या गिरण्या आल्या, १९६०च्या दशकात कोयनेची वीज आली, आणि जाती कोपऱ्यात गेली.

कराडहून पाटणवरून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. घाटाखाली तांदळाचं राज्य, म्हणून तिथे घावन आणि आंबोळी. घाटावर कृष्णाकाठच्या काळ्या रानात ज्वारी आणि हरभरा, म्हणून इथे भाकरी आणि धिरडं. पावसाने मुरलेल्या ओलीवर, फारसं पाणी न मागता हरभरा येतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात डाळ असायची ती यामुळे.

या तव्याला सुट्टीही आहे. नागपंचमीला घाटावरच्या घरांत चिरत नाहीत, तळत नाहीत आणि चुलीवर तवा ठेवत नाहीत. त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडतात. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी ज्या मुलखात गाजते, तिथे हा नेम आजही अनेक घरं पाळतात.

छापील पाककृतींचा काळ फार अलीकडचा. रामचंद्र सखाराम गुप्त्यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१०चं. पण वाटी-चमच्याचं माप देऊन नव्या सुनेचा हात धरला तो सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांनी, १९७० साली ‘रुचिरा’त. लाखभर सुनांची सासू असा त्यांचा लौकिक झाला तो उगाच नाही.

हाताचं कसब मात्र पुस्तकात पुरतं मावत नाही. एक वाटी पिठात आधी थोडंच पाणी घालून ते घट्ट फेसायचं, म्हणजे गुठळ्या मोडतात. मग सव्वा वाटीच्या आसपास पाणी होईपर्यंत सैल करायचं. ठेचलेली मिरची-लसूण, हळद, ओवा, बारीक चिरलेला कांदा आणि कोथिंबीर घालून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. पीठ पाणी पितं आणि कच्चट वास जातो. बिडाचा तवा तापला की कापलेला अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. पीठ कडेने ओतत मध्यावर आणायचं आणि झाकण ठेवायचं. हरभऱ्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे घाई केली की धिरडं मोडतं. कडा आपोआप सुटल्या, की उलथनं घालायचं. कुरकुरीत हवं तर मूठभर ज्वारीचं पीठ चालतं.

हरभऱ्याचं मूळ रान तुर्कस्तानाच्या आग्नेय भागातलं. तिथून तो आपल्याकडे आला तसा भूमध्य समुद्राकाठीही गेला. इटलीतल्या जिनोव्हात त्याच्या पिठाचा ‘फरिनाता’ आणि फ्रान्सच्या नीसमध्ये ‘सोक्का’ तांब्याच्या मोठ्या थाळ्यांत, लाकडाच्या भट्टीत भाजतात. पीठ, पाणी, तेल, मीठ, बास. फरक एवढाच, की तिथे तो रस्त्यावर अभिमानाने विकला जातो, शहराची ओळख म्हणून. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांनी त्यात टोमॅटो घातला, ‘टोमॅटो ऑम्लेट’ असं नाव दिलं आणि शेजारी पावाचे तुकडे ठेवले, तेव्हा कुठे धिरड्याला बाहेर खुर्ची मिळाली.

प्रत्येक घराचं धिरडं वेगळं असतं. कुणी ओव्याऐवजी जिरं घालतं, कुणी मेथीची भाजी, कुणी ताकात पीठ भिजवतं. हे फरक बहुतेक आजी-आईच्या हातातच आहेत, कागदावर नाहीत. घरात अजून कुणी जात्यावर डाळ भरडलेली बाई असेल, तर या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसून तिची रीत मापासकट वहीत उतरवून घ्या. आणि डाळीला ऊन दाखवून ती गिरणीतून जरा रवाळ दळून आणा. पुडीतल्या बेसनाच्या धिरड्याला ती चव येत नाही.