३ फेब्रुवारी १९४३ : हावडा पूल खुला

ना फीत, ना भाषणे. जपानी बाँबहल्ल्याची धास्ती होती, म्हणून हुगळीवरचा नवा हावडा पूल गाजावाजा न करता खुला झाला. त्यावरून पहिली धावली ती एकटी ट्राम.

सुमारे २६,५०० टन पोलादातले २३,००० टन टाटांच्या कारखान्यातले. नट-बोल्ट नाहीत, सगळी जोडणी रिव्हेटची. नदीपात्रात खांब नाही. रस्ता वरच्या त्रिकोणी सांगाड्याला टांगलेला. केवढी हिंमत ही!

१९६५ मध्ये पुलाला 'रवींद्र सेतू' हे नाव मिळाले.

पुलाच्या पोलादाला पोखरले ते पानाच्या पिचकाऱ्यांनी. टांगत्या दांड्यांच्या बुंध्याशी असलेली ६ मिलिमीटर जाडीची आवरणे २०११च्या सुमारास निम्मी झिजलेली आढळली. मग तिथे धुता येतील अशी फायबरग्लासची आवरणे बसवण्यात आली.